अडतिसावा प्रश्न

सगुणाबाईनं वहाणा दाराबाहेर काढल्या, दोन पावलं आत टाकली, मागं वळून बघितलं, आणि परत जाऊन वहाणा उचलून काखेत धरल्या. टेबलामागचा कारकून हे सगळं बघत होता.

"राहू द्या बाहेर बाई. इथं कोणी नेत नाही."

"नेत न्हाई म्हनत्यात, तितनंच जात्यात दादा."

तिनं वहाणा बाकाखाली सरकवल्या आणि वर एक पाय ठेवून बसली.

कारकुनाचं नाव ज्योतीराम. बार्शीकडचा माणूस, मागच्या दिवाळीपासून चिंचवडात खोली घेऊन राहिलेला. शाईचे डाग पडू नयेत म्हणून त्यानं सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. त्याच्यासमोर चार पानी छापील कागद होता. एका अंगाला प्रश्न, दुसऱ्या अंगाला दोन चौकोन, एक होय आणि एक नाही. एवढा कागद तर जमीन घेतानाही सरकारनं काढला नव्हता, असं सगुणेच्या मनात आलं, आणि ते मनात येताच ती सावध झाली.

"चाळीस प्रश्न आहेत," ज्योतीराम म्हणाला. "मी वाचणार. तुम्ही होय किंवा नाही, एवढंच सांगायचं."

"कामाचं इचारनार?"

"कामाचं नाही. तुमच्या स्वभावाचं."

"माजा सोभाव घिऊन कारखाना काय करनार?"

ज्योतीरामनं लांब सुस्कारा टाकला. हे कोडं त्यालाही सुटलेलं नव्हतं. साहेब विलायतेत शिकून आले होते, आणि येताना त्यांनी हे चाळीस प्रश्न आणले होते. पुण्यातल्या कुणा विद्वान मास्तरांकडून त्यांचं मराठी करून घेतलं होतं. मास्तरांनी कारखाना पाहिला नव्हता, आणि नदीपलीकडचं सगुणेचं गाव रहाटणी तर नाहीच नाही. शिवाय साहेबांचा दंडक असा की प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, अर्थ सांगायचा नाही. अर्थ सांगितला की म्हणे उत्तर कारकुनाचं होतं, माणसाचं राहत नाही.

सगुणेला हे काही ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं ते एवढंच, की चिंचवड स्टेशनामागचा हा काचेचा कारखाना तिच्या दिराच्या आणि नवऱ्याच्या सामाईक जमिनीवर उभा आहे, आणि ज्या घरची जमीन गेली त्या घरातल्या एकाला काम मिळणार आहे. एकालाच. या खेपेला बाटल्यांच्या खात्यात बायका घ्यायच्या होत्या. घरात बायका दोन. थोरली शालनबाई आणि धाकटी सगुणा. दोघींनी नावं दिली होती.

शालनचा नवरा बन्सी धडधाकट होता, विटांच्या गाडीवर जात होता. सगुणेचा गेनू आठ महिने आडवा होता. दगडाची गाडी उपसताना कमरेत जी कळ भरली ती भरलीच. दोन पोरी होत्या. सगुणा शेजारच्या मळ्यात खुरपायला जात होती, पण मळेही आता एकेक करून कुंपणात चालले होते. हे काम मिळालं नाही तर पुढचा पावसाळा कसा निघायचा, हा विचार तिनं हल्ली करायचाच सोडला होता. विचार केला की मग स्वयंपाकही होईना.

"प्रश्न पहिला. तुमचं डोकं वारंवार दुखतं का?"

"वारंवार म्हंजी?"

"होय की नाही?"

सगुणेच्या डोळ्यांसमोर कालची दुपार आली.

काल दुपारी दोघी जावा जात्यावर होत्या. वाटणी होऊन दोन वर्षं झाली, चुली दोन झाल्या, मधे कूड उभा राहिला, पण जातं काही हललं नव्हतं. ते शालनच्या पडवीत जमिनीत पक्कं रोवलेलं होतं, आणि एकटीनं ओढावं असं हलकं तर मुळीच नव्हतं. तेव्हा भांडण असो की सण, दळायला दोघी समोरासमोर बसत. एक खुंटा, त्यावर चार हात. वाटणीनंतर किती तरी दिवस दोघींनी एकमेकींशी शब्द न बोलता पीठ पाडलं होतं.

शालनला परवा, सोमवारी, कारखान्यात बोलावलं होतं. काल ती आपणहून म्हणाली, "सगुणे, आईक. त्यो कारकून चाळीस सवाल इचारतो. म्या खुळ्यावानी व्हय व्हय म्हनत ऱ्हायले, आन् दर टायमाला त्येनं आसा सुस्कारा टाकला बघ. तू काय बी इचारलं तरी न्हाई म्हन. समद्याला न्हाई."

"बरं आक्का," सगुणा म्हणाली होती.

कशाला सांगते ही? जागा एक, मागणाऱ्या दोघी. आपल्या तोंडचा घास काढून दुसरीच्या तोंडात घालायला कोणाची जाऊ एवढी संत लागून गेलीय! शिवाय कालच सकाळी सगुणेनं आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. शालन घडीचं लुगडं नेसून चिंचवडच्या वाटेनं गेली होती. विचारलं तर म्हणाली, तेल आणायला. तेलाला घडीचं लुगडं लागतं होय? नक्कीच साहेबापुढं जाऊन काही तरी कालवून आली असणार. गेनू आजारी आहे, बाई रोज कामाला यायची नाही, असलं काही.

आणि म्हैस होतीच. वाटणीच्या वेळी सगळ्या गावासमोर शालन म्हणाली होती, "म्हस सगुणेला द्या, तिला ल्हान पोरी हायत." लोक वा वा म्हणाले. सगुणेच्याही डोळ्यांत पाणी आलं. महिना झाला नाही तोच म्हैस आटली. पुढं फळलीच नाही, भाकड ती भाकडच. त्या दिवसापासून सगुणेच्या मनानं घेतलं की शालनला हे आधीच ठाऊक होतं. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकसुद्धा फुंकून पितं, आणि सगुणेचं तोंड चांगलंच पोळलं होतं. रात्रभर विचार करून तिनं ठरवलं होतं. आक्का न्हाई म्हण म्हणतीय ना? मग व्हय.

"बाई, डोकं दुखतं का?"

"व्हय."

ज्योतीरामनं होयच्या चौकोनात फुली मारली आणि सुस्कारा टाकला. सगुणेनं ते टिपलं.

"लोक तुमच्यावर लक्ष ठेवून असतात, असं तुम्हाला वाटतं का?"

आता ह्याला काय म्हणावं? गावात राहायचं आणि लोक लक्ष ठेवत नाहीत म्हणायचं? ती आज चिंचवडला निघाली तेव्हा सोजराबाई दारात, कुशाबाई न्हाणीच्या आडून, आणि पलीकडचा आबाजी तर थेट पारावरून उठून बघत होता. लक्ष ठेवलं नसतं तर गावात एक कोंबडी राहिली नसती.

"व्हय. समदीच."

"समदीच लिहायला जागा नाही. होय." फुली. सुस्कारा.

"आसपास कोणी नसताना तुम्हाला आवाज ऐकू येतात का?"

"येत्यात की."

ज्योतीरामनं दचकून वर बघितलं. "कसले?"

"तुमचा भोंगा! तीन टायमाला बोंबलतोय. घरात कुनी का आसंना, रानात कुनी का नसंना."

ज्योतीरामची लेखणी चौकोनावर अधांतरी राहिली. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात भोंगा नव्हता, हे त्याला कळत होतं. काय होतं ते सांगायची मात्र बंदी होती. त्यानं होयवर फुली मारली आणि नेहमीपेक्षा मोठा सुस्कारा टाकला.

"दार लावल्यावर ते नीट लागलं की नाही, हे तुम्ही पुन्हा जाऊन पाहता का?"

"दोनदा."

"तुम्हाला एकटं राहायला आवडतं का?"

सगुणा थबकली. एकटी ती कधी राहिली होती? माहेरी सहा भावंडं, सासरी मोठं खटलं, आता गेनू अंथरुणावर. एकटं राहणं म्हणजे काय असतं, ते आवडतं की नाही हे कळायला आधी एकदा बघायला तरी मिळायला हवं. पण ठरलं ते ठरलं. व्हय.

असे प्रश्न येत राहिले. प्रत्येक प्रश्नाच्या आत काही तरी दडवलंय आणि आपण हात घातला की ते डसेल, असं तिला वाटत होतं. तुमची झोप अचानक मोडते का? पोरीच्या खोकल्यानं मोडते, ते अचानक की कसं? तुमच्या हातून मोठं पाप घडलंय असं वाटतं का? म्हैस आटली तेव्हा तिनं चुलीपुढं बसून शालनचा तळतळाट केला होता, तो तिला आठवला. "व्हय," ती म्हणाली, आणि हे मात्र ठरवून म्हटलेलं नव्हतं.

"तुम्ही कधी खोटं बोलता का?"

इथं मात्र तिचा पारा चढला. ठरवलेलं गेलं चुलीत.

"न्हाई! कुनाच्या बापाला भीत न्हाई मी, खोटं कशापायी बोलू? ल्ह्या न्हाई."

ज्योतीरामनं नाहीवर फुली मारली आणि सुस्कारा टाकला. सगुणा चमकली. म्हणजे हा व्हयलाही सुस्कारतो आणि न्हाईलाही? तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. खिडकीतून भट्टीची झळ येत होती, सदरा पाठीला चिकटला होता, आणि दाराबाहेर अजून नऊ बायका बसल्या होत्या. बिचाऱ्याचा सुस्कारा कोणत्या उत्तराचा नव्हताच. कंटाळ्याचा होता. मग शालनला खरंच वाटलं असेल, की व्हय म्हटलं की कारकून नाराज होतो? क्षणभर सगुणेच्या मनात पाल चुकचुकली, पण तिनं ती झटकली. शालन एवढी साधी नाही.

"अडतिसावा," ज्योतीराम म्हणाला. "कोणी तुमचं भलं करायला आलं, तर त्यात त्याचा काही तरी डाव असणार, असं तुम्हाला वाटतं का?"

सगुणा सरळ होऊन बसली. इतका वेळ सगळे प्रश्न इकडून तिकडून येत होते, हा मात्र थेट तिच्या घरातून उठून आल्यासारखा आला.

"ह्यो सवाल माज्या जावंनं सांगितला व्हय इचारायला?"

"कोण जाऊ? छापील आहे बाई हा."

"व्हय ल्ह्या. दोनदा ल्ह्या. भलं कराया येत्यात आन् आटलेली म्हस गळ्यात बांधत्यात."

फुली मारता मारता ज्योतीरामचा हात थांबला. त्यानं कपाळाला आठी घालून तिच्याकडं बघितलं. "म्हैस? रहाटणीच्याच ना तुम्ही? शालनबाई तुमच्या कोण?"

"तीच माजी जाऊ. काय म्हनली ती ह्या सवालाला?"

"ते सांगायचं नसतं. आणि त्यांचा कागद आता कशाला बघता? त्यांनी काल सकाळी येऊन नाव काढलं की. अंगठा देऊन गेल्या."

"नाव काढलं म्हंजी?"

"मला काम नको म्हणाल्या. तुमच्या घरातून आता तुमचं एकटीचंच नाव आहे. मी विचारलं, का हो? तर म्हणाल्या, एकदा म्हशीनं तिला फशिवलं, आता म्या कशाला फशिवू." ज्योतीरामनं डोकं खाजवलं. "कोणती म्हैस ते मला काही उमगलं नाही. कागदावर कारण लिहावं लागतं, म्हणून मी घरगुती अडचण लिहिलं."

सगुणेनं बाकाखालच्या वहाणेवरचा पाय काढून घेतला. घडीचं लुगडं. तेल आणायला गेले होते, म्हणाली. आणि घरी येऊन जात्यावर बसल्यावर आधी काय सांगितलं, तर समद्याला न्हाई म्हण. म्हणजे सांगितलं तेव्हा ती स्वतः कशातच उरलेली नव्हती. सगुणेला एकदम लाज वाटली. अंगावरचं लुगडं भर बाजारात सुटावं तशी वाटली.

"दादा, माजी उत्तरं खोडा."

"अहो, शाई आहे ही."

"मला परत इचारा. समद्याला न्हाई म्हनते. खरंच न्हाई. माजं डोकं दुखत न्हाई, पाप न्हाई, काय न्हाई."

"तसं चालत नाही बाई. पहिलं तोंडातून निघेल ते घ्यायचं, असा हुकूम आहे. मलासुद्धा हे प्रश्न विचारले होते. तिसऱ्या प्रश्नाला मी काय बोललो, ते आठवून मला अजून झोप लागत नाही." तो जरा नरमला. "दोन राहिलेत. सांगा."

राहिलेल्या दोनांना ती काय म्हणाली, हे तिला नंतर कधी आठवलं नाही.

बाहेरच्या बाभळीखाली ती तासभर बसून राहिली. कागद आत साहेबांकडं गेला होता. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, हे तिला स्पष्ट दिसत होतं. नुसता आपल्या नाही, शालनच्याही. तिनं घास काढून दिला आणि आपण तो हुंगत बसलो, तोवर जमिनीवर सांडला. आता घरी जाऊन कोणत्या तोंडानं सांगायचं? गेनू काही बोलणार नाही, भिंतीकडं तोंड करील. शालन विचारील, कसं गं झालं? त्यावर काय सांगायचं, की तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून? वहाणा शेजारी पडल्या होत्या. एक शेरडू येऊन त्यांना तोंड लावून गेलं, तरी तिनं हाकललं नाही.

"सगुणाबाई!" ज्योतीराम दारातून हाक मारत होता. "सोमवारपासून या. सकाळी सातला. बाटल्या तपासायच्या खात्यात."

ती उठली.

"मला? मी तर व्हय व्हय म्हनले."

"म्हणूनच." त्यानं मागं बघून आवाज खाली घेतला. "तिथं काम काय, तर दर बाटली उजेडात धरायची आणि तडा आहे, बुडबुडा आहे, असंच समजून बघायची. साहेब म्हणाले, विश्वास ठेवणारं माणूस मला तिथं उपयोगाचं नाही. दार दोनदा बघणारी बाई पाहिजे. आणि सगळ्यालाच नाही नाही म्हणणारे तर ते बाजूलाच काढतात. म्हणतात, घरून पढवून पाठवलेत." तो हसला. "सकाळपासून सहा बायका तशाच गेल्या. बरं झालं बाई, तुम्हाला कोणी पढवलं नाही ते."

सगुणेनं मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्याला कळलं नाही, आणि पुढची बाई आत आलेली होती म्हणून त्यानं विचारलंही नाही.

नदी ओलांडून ती घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. गेनूला आधी सांगितलं. तो उठून बसायचा प्रयत्न करायला लागला, तेव्हा तिनं त्याला रागावून झोपवलं. पोरी नाचत सोजराबाईच्या दारापर्यंत जाऊन बातमी सांगून आल्या. कुडापलीकडून जात्याची घरघर येत होती. थांबत होती, पुन्हा येत होती. एकटी ओढत होती म्हणून.

सगुणा पडवीत गेली. शालन हरभरा भरडत बसली होती, कपाळावर घाम, हातात सालपटं चिकटलेली. तिनं वर बघितलं आणि पाय आखडून समोर जागा केली.

"पोरी वराडत व्हत्या त्ये खरं?"

"सोमवारपासनं ये म्हनले."

शालननं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग तिला हसू फुटलं. इतकं मोकळं हसू वाटणीनंतर त्या पडवीत कोणी हसलं नव्हतं. स्वतःच्या नावाचं तिनं अवाक्षर काढलं नाही. कालही काढलं नव्हतं, आजही नाही.

"आक्का," सगुणा म्हणाली, "तू बी नाव दिलं व्हतंस..."

"माजं र्‍हाऊ दे. मला कुटं पोर हाय ल्हान." शालननं हरभऱ्याची मूठ जात्याच्या तोंडात सोडली. "म्या म्हनलं न्हवतं? कारकून सुस्कारला तवाच वळीकलं म्या, ह्येला न्हाई पायजे. आईकलंस म्हनून झालं बघ. समद्याला न्हाईच म्हनलीस न्हवं?"

सगुणा खाली बसली. पाय लांब केले, पदर खोचला, खुंट्यावर शालनच्या हाताखाली आपला हात घातला. शालन ओढायची थांबून तिच्याकडं बघत होती, उत्तराची वाट बघत.

"व्हय," सगुणा म्हणाली.

"मंग!" शालन म्हणाली, आणि दोघींनी जातं ओढलं.